बाली की बोहोल? आधी पंचांग बघा, मग तिकीट

परदेशातलं बेट म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव बालीचं निघतं. टूर कंपन्यांच्या जाहिराती आणि हनिमूनहून परतलेल्या जोडप्यांचे झोक्यावरचे फोटो बघून बघून ते इतकं ओळखीचं झालंय की दुसरं बेट कुणी विचारातही घेत नाही. पण जून २०२५ पासून फिलिपिन्सने भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश देऊ केला आहे, त्यामुळे तिकडच्या बोहोलला बाजूला ठेवायचं सबळ कारण आता उरलेलं नाही.

बाली हा इंडोनेशियाचा प्रांत, बोहोल फिलिपिन्सचा. दोन्हीकडे भातशेती, नारळ, चुनखडीचे कडे, प्रवाळ आणि सणांची रेलचेल. आकारातही फार तफावत नाही: बाली साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर, बोहोल ४,८०० च्या आसपास. फरक आहे तो गर्दीत. बालीत ४० लाखांहून जास्त लोक राहतात, वर पर्यटकांचा लोंढा. बोहोलची लोकसंख्या जेमतेम १४ लाख. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे पावलोपावली त्याचा अनुभव येतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. देवळं, मिरवणुका, नाच-गाणी यांसाठी जायचं असेल तर बाली. टेकड्या, नदी आणि शांत पाणी हवं असेल तर बोहोल. मात्र त्याआधी सुट्टी नेमकी कधी आहे ते पाहायला हवं, कारण तारीख चुकली की दोन्हीकडे अर्धी मजा हुकते.

उत्सव: एकीकडे बघायचे, दुसरीकडे जेवायचे

बालीतली जवळपास ८७ टक्के प्रजा हिंदू आहे आणि तिथे आपलाच शक चालतो. शालिवाहन शके म्हणून आपण संकल्पात जो आकडा उच्चारतो, तोच त्यांच्या नववर्षाचा आकडा. २०२६ मध्ये तर गुढीपाडवा आणि बालीचं नववर्ष एकाच दिवशी आलं, १९ मार्चला, आणि दोन्हीकडे शके १९४८ लागलं. पण साजरं करण्याची रीत अगदी उलटी. त्यांच्या नववर्षाला न्येपी म्हणतात, आणि त्या दिवशी बेटावर काहीही चालत नाही. सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत दिवे नाहीत, वाहनं नाहीत, काम नाही. विमानतळसुद्धा २४ तास बंद. २०१८ पासून मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवतात. पर्यटकांना हॉटेलच्या आवारातच राहावं लागतं आणि रस्त्यावर पेचालांग, म्हणजे गावचे पारंपरिक रखवालदार, गस्त घालतात. पाड्व्याची सुट्टी जोडून चार दिवस बाली, असा बेत आखणाऱ्याचा एक अख्खा दिवस खोलीत जातो. दरवर्षी दोन्ही दिवस जुळतातच असं नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होती आणि आपला पाडवा ९ एप्रिलला, कारण त्यांचा आणि आपला अधिक महिना वेगवेगळ्या वेळी येतो.

तरीही न्येपी टाळा असं मी म्हणणार नाही. उलट मुद्दाम गाठण्यासारखी आहे, फक्त आदल्या संध्याकाळी तिथे असायला हवं. त्या रात्री ओगोह-ओगोह निघतात: बांबू, कागद आणि रंग वापरून केलेले अक्राळविक्राळ राक्षस, कधी दोन माणसांएवढे, कधी त्याहून उंच. प्रत्येक बंजारातली, म्हणजे वाडीतली, तरुण मुलं आठवडेच्या आठवडे खपून ते बनवतात. आपल्या गणेश मंडळांची जी ईर्ष्या असते तीच तिथे दिसते. चौकात राक्षस गरगरा फिरवतात, मग बरेचसे जाळून टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी ती जीवघेणी शांतता. रात्री वर पाहिलं तर आकाश चांदण्यांनी खच्चून भरलेलं, कारण खाली एक दिवा पेटलेला नसतो.

दुसरा मोठा सण गालुंगान. हा चांद्र नव्हे, २१० दिवसांच्या पावुकोन पंचांगावर चालतो, त्यामुळे इंग्रजी वर्षात कधी एकदा येतो, कधी दोनदा. वार मात्र नेहमी बुधवार. २०२६ मध्ये १७ जून, त्यापुढचा १३ जानेवारी २०२७. त्यानंतर दहा दिवसांनी कुनिंगान. या काळात प्रत्येक घरापुढे पेंजोर उभारतात: उंच बांबू, शेंडा रस्त्यावर वाकलेला, त्याला ताडाच्या पानांची नक्षी, भाताच्या लोंब्या, फळं. गावातून गाडी जाताना दोन्ही बाजूंनी त्यांची कमान होते. माझ्या मते बाली बघावी ती याच दिवसांत. एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: गालुंगानच्या आदल्या दिवशी घरोघरी डुकरं कापली जातात. हिंदूंचा सण म्हणजे शाकाहार, हे आपलं समीकरण तिथे लागू पडत नाही.

देवळांबद्दलही घरच्या ज्येष्ठांना थोडी कल्पना द्या. गाभारा, मूर्ती, अभिषेक असं दर्शन तिथे होत नाही. उघड्या अंगणात दगडी आसनं असतात, बहुतेक वेळा रिकामी. सारोंग, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, आणि कमरेला पट्टा बांधल्याशिवाय आत सोडत नाहीत, आतल्या अंगणात बऱ्याच ठिकाणी फक्त पूजा करणाऱ्यांनाच प्रवेश असतो, आणि पाळी चालू असलेल्या बायकांनी येऊ नये अशा पाट्या दारावर असतात. पण संध्याकाळी ध्वनिवर्धकावरून त्रिसंध्या ही त्यांची प्रार्थना सुरू झाली आणि पहिल्याच कडव्यात गायत्री मंत्र कानावर आला, की आजी-आजोबांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

बोहोलमध्ये सण म्हणजे फिएस्ता, आणि फिएस्ता म्हणजे जेवण. बेट कॅथलिक आहे. प्रत्येक गावाचा, गावातल्या प्रत्येक वस्तीचा एक संत असतो आणि त्याच्या दिवशी उत्सव. बोहोलमध्ये यातले बरेचसे उत्सव मे महिन्यात एकवटले आहेत. तागबिलारान या राजधानीचा १ मेला, मग महिनाभर आज हे गाव, उद्या ते गाव. मनिलात किंवा आखातात नोकरी करणारे बोहोलचे लोक या महिन्यात घरी येतात. घरांची दारं सताड उघडी असतात आणि ओळखपाळख नसलेल्या पाहुण्यालाही बसवून वाढलं जातं. लोबोक गावात मे अखेरीस बोलिबोंग किंगकिंग हा ढोल आणि घंटांच्या तालावरचा नाच असतो, ग्वादालुपेच्या मातेसाठी, म्हणजे मेरीसाठी, केलेला. जुलैत तागबिलारानमध्ये सांदुगो उत्सव होतो. १५६५ मध्ये स्थानिक सरदार सिकातुना आणि स्पॅनिश सेनानी लेगास्पी यांनी एकमेकांचं रक्त पेयात मिसळून पिऊन मैत्रीची शपथ घेतली, त्याची ही आठवण. त्याच बेटावर पुढे १७४४ मध्ये दागोहोय या स्थानिक पुढाऱ्याने स्पेनविरुद्ध बंड पुकारलं आणि ते १८२९ पर्यंत, म्हणजे ८५ वर्षं, चाललं. इतिहासाची आवड असेल तर हे बंड या बेटाकडे बघण्याची नजरच बदलून टाकतं.

थोडक्यात फरक असा: बालीत सोहळा देखणा, पण तुम्ही कडेला उभे राहणार. बोहोलमध्ये तेवढं देखणं काही नाही, पण तुम्हाला पंगतीत बसवतील. आपल्या शाळांच्या मेच्या सुट्टीशी बोहोलचे फिएस्ता अचूक जुळतात, ही जमेची मोठी बाजू.

डोंगर, नद्या आणि प्राणी

बोहोलची ओळख म्हणजे चॉकलेट हिल्स. कार्मेन, बातुआन, साग्बायान या भागांत किमान १,२६० गवताळ टेकड्या, बहुतेक ३० ते ५० मीटर उंच, एका साच्यातून काढल्यासारख्या. समुद्रातलं प्रवाळ वर उचललं गेलं, त्याचा चुनखडक झाला आणि पावसाने तो हजारो वर्षं झिजवला, त्यातून हे आकार आले. यामुळेच २०२३ मध्ये बोहोल युनेस्कोचं जागतिक भूउद्यान (जिओपार्क) झालं, फिलिपिन्समधलं पहिलं. कार्मेनच्या टेकडीवर २१४ पायऱ्या चढून गेलं की चहूबाजूंचा देखावा. नावातला चॉकलेटी रंग मात्र कोरड्या दिवसांच्या शेवटी येतो, साधारण मार्च ते मे. इतर वेळी टेकड्या हिरव्या. मला हिरव्या जास्त आवडतात, पण फोटोत पाहिलेलंच हवं असेल तर मे गाठा. २०२४ मध्ये या टेकड्यांच्या पायथ्याशी पोहण्याच्या तलावासकट बांधलेल्या एका रिसॉर्टचे व्हिडिओ पसरले आणि देशभर गदारोळ झाला. म्हणजे धंद्याचा हात इथेही पोचलाय, फक्त अजून पूर्ण पसरलेला नाही.

टार्सियर हा दुसरा मानकरी. मुठीत मावेल एवढा हा प्राणी, डोळे अवाढव्य, पण ते खोबणीत फिरत नाहीत, म्हणून मानच जवळजवळ पूर्ण मागे वळते. निशाचर असल्याने दिवसा झोपेत असतो आणि आवाजाने, फ्लॅशने फार घाबरतो. म्हणून कोरेला गावाजवळच्या अभयारण्यात जा, तिथे झाडीत शांतपणे दाखवतात. रस्त्याकडेला पिंजऱ्यात घालून किंवा हातात देऊन कुणी दाखवत असेल तर गाडी थांबवू नका. लोबोक नदीतली जेवणासकट बोटफेरी सगळ्याच सहलींत असते. ठीक आहे, मुलांना आवडते. मला विचाराल तर तो वेळ बाक्लायोनच्या चर्चला द्यावा. प्रवाळी दगडांची ही वास्तू १५ ऑक्टोबर २०१३ च्या ७.२ तीव्रतेच्या भूकंपात खिळखिळी झाली होती, ती पुन्हा उभी केली.

बालीचा निसर्ग जास्त विविध आहे, हे मान्यच करायला हवं. ३,००० मीटरहून उंच, जागता आगुंग ज्वालामुखी. त्याच्या अंगावर बेसाकिह हे सर्वांत मोठं देऊळ. पहाटे दोनला उठून चढायचा १,७१७ मीटरचा बातुर. भाताची खाचरं आणि त्यांना पाणी वाटून देणारी सुबाक व्यवस्था, जिला २०१२ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. सुबाकमध्ये पाण्याच्या पाळ्या शेतकरी मिळून ठरवतात आणि त्या पाणदेवळांशी जोडलेल्या असतात. ही खाचरं बघायला तेगालालांगला जाऊ नका, तिथे झोके आणि तिकिटंच जास्त. जातिलुविहला जा, विस्तार काय असतो ते कळेल. बालीत सौंदर्य कमी नाही, पण ते वाटून घ्यावं लागतं. कांगू, सेमिन्याक, उबुद या पट्ट्यात विमानतळापासूनच्या ३५-४० किलोमीटरला दोन तास सहज लागतात. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमधून सुटका म्हणून निघालेल्यांनी सिदेमेन, मुंदुक किंवा आमेदला मुक्काम करावा.

समुद्र

इथे तुलना लवकर संपते. कुटा, उलुवातूचा समुद्र लाटांवर स्वार होणाऱ्यांचा आहे, लहान मुलं आणि न पोहणारे यांच्यासाठी नाही. सानूर आणि नुसा दुआ शांत. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर कचराही वाहून येतो. बोहोलला चिकटलेल्या पांगलाओ बेटावर पांढरी वाळू आणि उथळ पाणी, आणि जवळच्या बालिकासागला सकाळी लवकर गेलात तर साधं स्नॉर्केल लावून कासवं दिसतात. पाण्यात काटेरी समुद्री साळू असतात, रबरी चपला घाला. पाणबुड्यांसाठी मात्र बालीतलं तुलांबेन अपवाद: १९४२ मध्ये पाणतीर (टॉर्पेडो) लागलेलं लिबर्टी जहाज १९६३ च्या आगुंगच्या उद्रेकाने किनाऱ्यावरून समुद्रात ढकललं, ते आज किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्याखाली आहे.

जेवण, पाऊस, खर्च

घरात कडक शाकाहारी कुणी असेल तर प्रश्नच मिटला, बाली. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, शेंगदाण्याच्या रसातलं गाडोगाडो हे भाज्यांचं सॅलड सगळीकडे मिळतं, भारतीय खानावळीही भरपूर. फक्त सांबाल या मिरचीच्या चटणीत तेरासी, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला लगदा, असते, ती नको म्हणून सांगा. बोहोलमध्ये भाजीतही डुकराचं मांस किंवा पातिस हा माशांचा खारट रस पडतो. पांगलाओ सोडलं की फळं, भात आणि अंडी यांवर दिवस काढायची तयारी हवी. एक चीज मात्र चुकवू नका: उबी किनाम्पाय. आपलं कोनफळच ते, जांभळं, सुवासिक. बोहोलमध्ये त्याला इतका मान की जमिनीवर पडलं तर उचलून त्याची पापी घेतात.

बालीत पाऊस नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे एप्रिल-मे उत्तम आणि दिवाळीनंतर हळूहळू अवघड. बोहोलमध्ये फेब्रुवारी ते मे कोरडं पण उकाड्याचं. वर्षाच्या उत्तरार्धात वादळांची टांगती तलवार. १६ डिसेंबर २०२१ च्या ओदेत वादळाने हे बेट अक्षरशः झोडपलं होतं. नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर रद्द करता येणारं बुकिंगच घ्या.

बालीला उतरल्यावर व्हिसासाठी ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन) आणि फेब्रुवारी २०२४ पासून पर्यटक कर म्हणून दीड लाख रुपिया प्रत्येकी. शून्यांना घाबरू नका, पण चौघांच्या कुटुंबाला ते जाणवतात. बोहोलला ते पैसे वाचतात, वाचलेले विमानात जातात: मुंबईहून मनिला किंवा आणखी एखादं शहर गाठून पांगलाओच्या विमानतळाला दुसरं विमान, किंवा शेजारच्या सेबू बेटाहून साधारण दोन तासांची बोट. स्कूटर भाड्याने घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, इंडोनेशियात आपल्यासारखं डावीकडून चालवतात, फिलिपिन्समध्ये उजवीकडून. बोहोलचे रस्ते मोकळे आहेत म्हणून निभावतं, तरी पहिल्या दिवशी ट्रायसिकल, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, करा. त्यांच्या मागे बायबलची वचनं रंगवलेली असतात, वाचत वाचत प्रवास होतो.

आणि दोन्ही एकाच सहलीत करू, असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. नकाशावर ती जवळ वाटतात, पण मध्ये मनिला किंवा सिंगापूरला विमान बदलावं लागतं आणि आठ दिवसांच्या सुट्टीतले दोन त्यातच जातात.