सिलिकाची धूळ: पाण्यावर खर्च करावा, व्हॅक्यूमवर की मास्कवर?

फ्लॅटच्या दुरुस्तीची कामं घेणारा छोटा ठेकेदार कारागिरांना धुळीपासून वाचवायचं मनावर घेतो, तेव्हा त्याच्यापुढे साधारण तीन वाटा असतात. कापताना पाणी सोडायचं, यंत्राला व्हॅक्यूम जोडायचा, नाहीतर मास्कचा बॉक्स आणून ठेवायचा. बहुतेक जण बॉक्स आणतात. तो स्वस्त असतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. मी बांधकामावर देखरेख करते आणि माझं मत आधीच सांगते: पैसे थोडे असतील तर आधी पाण्याची सोय करा, घरात वायरिंगसाठी भिंतीला झिऱ्या, म्हणजे खाचा, मारायच्या असतील तर व्हॅक्यूम घ्या, आणि मास्क या दोन्हींच्या जोडीला ठेवा. त्यांच्याऐवजी नको.

काँक्रीट, ग्रेनाइट, टाइल कापताना उडणाऱ्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचे, इतके बारीक कण असतात की ते नाकाघशात न अडकता फुप्फुसात खोलवर जातात. तिथे ते व्रण करतात आणि फुप्फुस हळूहळू ताठर होतं. हा आजार म्हणजे सिलिकोसिस. तो बरा होत नाही, काम सोडल्यावरही तो वाढू शकतो आणि अशा फुप्फुसात क्षय लवकर शिरतो. आपल्याकडे कित्येकांना नुसता क्षय समजून औषधं दिली जातात आणि माणूस पुन्हा त्याच धुळीत परततो. अमेरिकेच्या २०१६च्या नियमात आठ तासांच्या पाळीसाठी अशा सिलिकाची मर्यादा घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम आहे. पाळीभरात माणूस साधारण १० घनमीटर हवा आत घेतो, असं धरलं तर हा हिशेब अर्ध्या मिलिग्रॅमवर येतो. साखरेच्या एका दाण्याहूनही कमी.

निवड करण्याआधी माल कोणता आहे ते पाहा. आपला दख्खनी काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, आणि संगमरवर यांत क्वार्ट्झ अगदी थोडं असतं. ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा खात्याच्या तक्त्यात बेसाल्ट ५ टक्क्यांच्या आत आणि संगमरवर २ टक्क्यांच्या आत आहे. ग्रेनाइट २० ते ४५, टाइल ३० ते ४५, काँक्रीट आणि सिमेंटचा माल २५ ते ७० टक्के. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी विकल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असू शकतं. त्या कापणाऱ्या तरुण कारागिरांना सिलिकोसिस झाल्यावर ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४पासून या लाद्यांवर बंदी घातली. ओटा कशाचा करायचा हे अजून ठरलं नसेल, तर घरमालकानं एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ती लादी टाळावी, असं मला मनापासून वाटतं.

आता मास्क. रुमाल, ओढणी आणि दवाखान्यातला निळा मास्क या धुळीला अडवत नाहीत. एन९५ किंवा एफएफपी२ चेहऱ्याला घट्ट बसला, तर आत जाणारी धूळ साधारण दहाव्या हिश्श्यावर येते, असं धरतात. खोलीतल्या हवेत मर्यादेच्या वीसपट धूळ असेल, तर चांगला मास्क लावूनही मर्यादेच्या दुप्पट आत जाते. दाढीचे खुंट वाढलेले असले तर तेवढंही संरक्षण उरत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली आठ तास मास्क ठेवा, असं मिस्त्रीला सांगणं सोपं आहे, पाळणं फार कठीण. घामानं भिजलेला मास्क तो मानेवर ओढतो, आणि मी त्याला दोष देत नाही. मास्कची सगळी जबाबदारी कारागिराच्या अंगावर पडते. पाणी आणि व्हॅक्यूम धुळीला ती उडते तिथेच धरतात.

पाण्याचा उपाय सर्वांत कमी खर्चाचा. टाइल आणि ग्रेनाइटसाठी पाण्याची सोय असलेला टेबल कटर हाच उत्तम. अमेरिकन नियमातला यंत्रवार तक्ता सांगतो, की असा कटर नीट चालवला तर वेगळा मास्क लागत नाही. हातातल्या मोठ्या कटरला ब्रिटिश खातं मिनिटाला निदान अर्धा लिटर पाणी सांगतं, आणि अमेरिकन तक्त्याप्रमाणे बंद खोलीत त्यासोबत मास्कही हवाच. आपल्याकडे बिगारी भोक पाडलेल्या बाटलीनं चाकावर धार धरतो. त्यात धार सारखी पडत नाही आणि तो स्वतः चाकाच्या अगदी जवळ वाकलेला असतो. साध्या ग्राइंडरवर असं पाणी ओतलं तर शॉकची भीती. मुळातच पाण्याची नळी बसवलेलं यंत्र घ्या आणि त्याचं कनेक्शन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून, द्या. खाली साचलेला गाळही ओला असतानाच भरायचा. वाळला की पुन्हा धूळच.

वायरिंगच्या झिऱ्या मात्र पाण्यानं मारता येत नाहीत. भिंत भिजते आणि जुन्या घरात आत चालू वायर असू शकते. तिथे चाकाभोवती झाकण आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम हवा. अमेरिकन नियम चाकाच्या दर इंचाला मिनिटाला २५ घनफूट हवा ओढण्याची ताकद मागतो, म्हणजे ४ इंची चाकाला १०० घनफूट. घरगुती व्हॅक्यूमला हे जमत नाही. त्याचा फिल्टर थोड्याच वेळात चोंदतो आणि बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत येते. अशा बारीक धुळीसाठी बनवलेला एम-क्लास व्हॅक्यूम ग्राइंडरच्या कित्येक पट महाग, हे खरं. पण महिन्यातून दोन-तीनच फ्लॅट करत असाल, तर भाड्यानं मिळतो का ते पाहा, किंवा दोन ठेकेदारांनी मिळून एक घ्या. घरात चार तासांहून जास्त काम चालणार असेल, तर व्हॅक्यूम लावूनही मास्क हवा.

खर्च न करता होणारी एक गोष्ट या तिन्हींच्या आधी येते. इलेक्ट्रिशियनला प्लास्टरच्या आधी बोलवा, पाइप वेळेवर टाकून घ्या, टाइलच्या मापावर खोलीची आखणी करा. जे कापावंच लागत नाही त्याची धूळ होत नाही.

आणि ज्यांच्यासाठी यातली एकही वस्तू घेतली जात नाही, त्या बायका. मिस्त्री काम संपवून चहाला जातो, तेव्हा कोरड्या झाडूनं सगळी खोली झाडणारी बिगारी बाई पदर तोंडाला लावून त्या ढगात उभी असते. सगळ्यांत बारीक धूळ तेव्हाच पुन्हा हवेत उठते. तिच्या हातात व्हॅक्यूमची नळी द्या, ते नसेल तर पाणी शिंपडून ओल्यानं गोळा करायला सांगा. कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झटकणं बंद करा.

विकत घेतलेली सोय चालते की नाही, हे पहिल्याच दिवशी कळू शकतं. खोली थोडी अंधारी करून कापणाऱ्याच्या पलीकडे जोरदार टॉर्च आपल्या बाजूला वळवून ठेवा, दिवा हातानं झाका आणि त्याच्या झोतात पाहा. एरवी न दिसणारी धूळ तिथे धुरासारखी चमकते. ती चाकाच्या झाकणातून बाहेर येताना दिसली, तर यंत्र थांबवून आधी फिल्टर आणि नळी तपासा.