यूपीएससी की राज्यसेवा: नव्याने तयारी सुरू करणाऱ्याने कशाच्या आधारे ठरवावे

पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेला किंवा नोकरी करता करता स्पर्धा परीक्षेचा विचार करणारा उमेदवार पहिला प्रश्न विचारतो, तो बहुधा ‘कोणती परीक्षा सोपी?’ हा असतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नाला ठरलेले उत्तर होते. यूपीएससीची मुख्य परीक्षा वर्णनात्मक आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा प्रामुख्याने वस्तुनिष्ठ, त्यामुळे ज्याचा हात लिहिता आहे त्याने दिल्लीकडे पाहावे आणि ज्याचे पाठांतर पक्के आहे त्याने राज्यसेवा धरावी, असे सांगितले जाई. आता ते उत्तर चालत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक करण्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. उमेदवारांनी २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात केलेल्या आंदोलनानंतर हा बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलण्यात आला आणि आता तो लागू झाला आहे. जुन्या पद्धतीवरच्या नोट्स आणि सल्ले मात्र अजूनही हातोहाती फिरत आहेत, आणि नवख्या उमेदवाराची पहिली फसगत तिथेच होते.

कागदावर पाहिले तर दोन्ही परीक्षा आज जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. दोन्हीकडे पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न २०० गुणांना असतात आणि दुसरा पेपर, म्हणजे उताऱ्यांचे आकलन, तर्क आणि गणित तपासणारा सीसॅट, ८० प्रश्नांचा असून त्यात ३३ टक्के मिळवणे पुरेसे असते. मुख्य परीक्षेत दोन्हीकडे नऊ पेपर आहेत. भाषांचे दोन पेपर केवळ अर्हतेपुरते आहेत, तर निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि एका वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून १,७५० गुण होतात. मुलाखतीचे २७५ गुण धरून अंतिम यादी २,०२५ गुणांवर लागते. तेव्हा आराखड्याच्या आधारे निवड करण्यात अर्थ उरलेला नाही. खरा फरक वयाचे गणित, वेळापत्रक, भाषा आणि पूर्वपरीक्षेचा स्वभाव या चार ठिकाणी आहे.

वय आणि संधी

यूपीएससीत खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत सहा संधी मिळतात, इतर मागास प्रवर्गाला ३५ वर्षांपर्यंत नऊ, तर अनुसूचित जाती व जमातींना ३७ वर्षांपर्यंत संधींची मर्यादा नाही. राज्यसेवेत सर्वसाधारण कमाल वय खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. संधी मोजण्याचा नियम आयोगाने मध्यंतरी आणला होता, पण तो मागे घेतला गेला. या आकड्यांचा अर्थ उदाहरणाने लवकर कळतो. खुल्या प्रवर्गातील २२ वर्षांच्या उमेदवाराने आधी यूपीएससीला चार वर्षे दिली, तरी राज्यसेवेचे दार त्याच्यासाठी पुढे बारा वर्षे उघडे राहते. उलट क्रम धरला तर ही मोकळीक उरत नाही. २९ व्या वर्षी तयारीला लागणाऱ्या खुल्या प्रवर्गातील उमेदवाराकडे यूपीएससीसाठी जेमतेम तीन-चार वर्षे असतात. त्याने राज्यसेवा हेच मुख्य लक्ष्य ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

येथे एक खाचखळगा सांगितला पाहिजे. यूपीएससीचा केवळ अर्ज भरल्याने संधी खर्ची पडत नाही, पण पूर्वपरीक्षेच्या एका जरी पेपरला बसलात तरी ती मोजली जाते. ‘अनुभव म्हणून देऊन पाहू’ असे म्हणून तयारीविना पहिला पेपर देणारा खुल्या प्रवर्गातील उमेदवार आपल्या सहापैकी एक संधी उगाच घालवतो. तोच अनुभव जुना पेपर घरी घड्याळ लावून सोडवला तरी मिळतो. राज्यसेवेत ही भीती नसल्याने तिथे सरावासाठी बसायला हरकत नाही.

वेळापत्रक

या बाबतीत यूपीएससी निर्विवादपणे सरस आहे. तिचे वार्षिक वेळापत्रक बरेच आधी प्रसिद्ध होते, आणि मोठी आपत्ती आली नाही तर ते पाळले जाते. राज्यसेवेच्या उमेदवाराला मात्र तारखांची अनिश्चितता गृहीत धरूनच अभ्यास आखावा लागतो. मार्च २०२१ मध्ये परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलण्यात आली आणि उमेदवार रस्त्यावर उतरल्यानंतर आठवड्याभराने घेण्यात आली. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्वपरीक्षा बँकेच्या परीक्षेशी तारीख जुळल्याने आणि आंदोलनामुळे लांबली, ती १ डिसेंबरला झाली. पदसंख्याही विभागांकडून येणाऱ्या मागणीपत्रांवर अवलंबून असल्याने वर्षागणिक बदलते आणि शुद्धिपत्रकाने वाढतेही. ज्याच्या घरून ठरावीक काळापुरतेच पैसे येणार आहेत, त्याने हा मुद्दा अभ्यासक्रमाइतकाच गांभीर्याने घ्यावा, कारण पुण्यातली खोली, खानावळ आणि अभ्यासिका यांचा खर्च परीक्षा लांबली म्हणून थांबत नाही.

भाषा

मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवाराचा निर्णय बहुतांशी येथेच होतो. राज्यसेवेची प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असते आणि उत्तरेही यांपैकी एका भाषेत लिहिता येतात. यूपीएससीत मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात, मुलाखतही मराठीत देता येते आणि मराठी साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो. परंतु प्रश्न छापलेले असतात ते हिंदी आणि इंग्रजीतच. याचा अर्थ असा, की मराठीत लिहिणाऱ्यालाही इंग्रजी प्रश्न अचूक वाचता आलाच पाहिजे, आणि सीसॅटमधले गुंतागुंतीचे उतारे वेळेत समजले पाहिजेत. अनेकांची गाडी सामान्य अध्ययनावर अडत नाही, ती या ‘केवळ पात्रतेच्या’ पेपरवर अडते.

दुसरी अडचण परिभाषेची आहे. वाचन इंग्रजीतून आणि लेखन मराठीतून करणाऱ्याला प्रत्येक संज्ञेचा मराठी शब्द आधीच ठरवून ठेवावा लागतो. ‘फिस्कल डेफिसिट’ला कोणी राजकोषीय तूट म्हणते, कोणी वित्तीय तूट, आणि एकाच उत्तरात दोन्ही शब्द आले की वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात तीन तासांत वीस उत्तरे लिहायची असतात, म्हणजे एकाला सरासरी नऊ मिनिटे. त्यात शब्द शोधायला सवड नसते. मराठी माध्यम घेऊ नये असे मी मुळीच म्हणत नाही. पण ते घेणाऱ्याने पहिल्या महिन्यापासून संज्ञांची स्वतःची वही ठेवावी.

पूर्वपरीक्षेचा स्वभाव

यूपीएससी विधाने देऊन ‘यांपैकी किती बरोबर’ असे विचारते, त्यामुळे अर्धवट माहितीचा उपयोग कमी होतो. २०२३ मध्ये खुल्या प्रवर्गाची गुणसीमा २०० पैकी ७५.४१ इतकी खाली आली होती, यावरून पेपरची कल्पना यावी. राज्यसेवेत थेट माहितीचे प्रश्न तुलनेने अधिक असतात आणि महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल, समाजसुधारक, पंचायत राज यांचे तपशील लागतात. केवळ यूपीएससीचा अभ्यास केलेला उमेदवार राज्यसेवेत मागे पडतो तो याच भागात.

चुकीच्या उत्तरांचा हिशेबही वेगळा आहे. यूपीएससी प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापते, राज्यसेवेत एक चतुर्थांश कापला जातो. चार पर्यायांपैकी डोळे मिटून निवडले, तर सरासरीने यूपीएससीत शून्य हाती येते आणि राज्यसेवेत अगदी किरकोळ फायदा होतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर दोन्हीकडे प्रश्न सोडवणे फायद्याचे ठरते. फरक लहान आहे, पण गुणसीमेच्या आसपास असणाऱ्याला तो जाणवतो.

पदांविषयी थोडक्यात. यूपीएससीतून भारतीय प्रशासन व पोलीस सेवेत गेल्यास संवर्ग कोणत्याही राज्याचा मिळू शकतो, तर उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक किंवा तहसीलदार आयुष्यभर मराठी मुलखातच काम करतो. घरच्या जबाबदाऱ्या असलेल्यांनी हे आधीच बोलून घ्यावे. वर्णनात्मक लेखनाचीच धास्ती असलेल्यांसाठी पोलीस उपनिरीक्षक, राज्यकर निरीक्षक, सहायक कक्ष अधिकारी या गट-ब पदांची वस्तुनिष्ठ परीक्षा आहेच.

निर्णय अजूनही होत नसेल तर पहिले पाच-सहा महिने तो लांबवता येतो, कारण राज्यघटना, आधुनिक भारताचा इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था आणि वैकल्पिक विषय हा पाया दोन्हीकडे सारखाच आहे. वैकल्पिक विषय निवडताना तो दोन्ही आयोगांच्या यादीत आहे ना, एवढे मात्र पाहून घ्यावे. या काळात दोन्ही परीक्षांचे मागील वर्षाचे सीसॅट पेपर वेळ लावून सोडवावेत. यूपीएससीच्या पेपरात २०० पैकी ६६ गुणांच्या, म्हणजे ३३ टक्क्यांच्या, पुढे सहज जाता येत असेल आणि वयाची गुंजाइश असेल, तर आधी ती परीक्षा धरावी. वारंवार पन्नाशीतच अडकत असाल, तर गणित आणि इंग्रजी वाचन सुधारेपर्यंत तिची एकही संधी खर्चू नये आणि तोवर राज्यसेवेचा अर्ज भरावा.