बाग आणि दाबू : ठसेछपाईच्या दोन साड्या, दहा महिने नेसल्यानंतर

मी शाळेत शिकवते. आठवड्यातले चार दिवस साडी असते, बसचा प्रवास असतो आणि फळ्यासमोर चार-पाच तास उभं राहायचं असतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दोन साड्या घेतल्या, एक बाग प्रिंटची सुती आणि दुसरी दाबू छपाईची निळी मलमल. ऑगस्टअखेरपर्यंत बागची पस्तीसेक वेळा नेसून झाली, निळी वीसेक वेळा. उन्हाळा, घाम, पाऊस, खडूची धूळ, सगळं दोघींनी सोसलं. या साड्या घ्याव्यात का आणि घेतल्यावर सांभाळायच्या कशा, असं शाळेतल्या मैत्रिणी सारख्या विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

माझी मावशी धारला असते. बाग हे धार जिल्ह्यातलंच गाव. जवळच्या लेण्यांमधली चित्रं अजिंठ्याच्या जातकुळीची, म्हणून बऱ्याच जणांनी नाव ऐकलेलं असतं. इथली छपाई खत्री कुटुंबं करतात, त्यांचे पूर्वज सिंधमधून आलेले. या छपाईला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मावशी म्हणाली, "साडी घ्यायचीच आहे ना, मग होते कशी ते बघून घे." ते बघायला मिळालं हे फार बरं झालं.

कापड आधी एरंडेल, मीठ आणि शेळीच्या लेंड्या घातलेल्या पाण्यात तुडवून मुरवतात. मग धुऊन हिरड्याच्या पाण्यातून काढतात, ते पिवळसर होतं. काळ्या रंगासाठी गंजलेलं लोखंड गुळाबरोबर बरेच दिवस आंबवलेलं असतं, लालसाठी तुरटी. दोन्ही चिंचोक्यांच्या खळीत घट्ट करून ठशाने उमटवतात. माझ्यासमोर एक दादा छापत होते. ठसा टेकवला, की तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने त्यावर एक दणका, आणि पुढच्या क्षणी ठसा पुन्हा रंगात. काळा लगेच दिसत होता, पण लालची जागा इतकी फिकट, की मला वाटलं ठसा नीट उठलाच नाही. ते नुसतेच हसले. आवारात दुसरीकडे तांब्याच्या कढईत अलिझरीन, म्हणजे लाल रंग देणारं द्रव्य, आणि धायटीची फुलं उकळत होती. तिथे आधी छापून, वाळवून, नदीत धुतलेलं कापड फिरवत होते. अगदी तशाच फिकट वेली बघता बघता लालभडक झाल्या. तुरटी जिथे बसली होती तेवढ्याच जागी रंग धरला, बाकीचं कापड जवळजवळ कोरं राहिलं.

तेव्हापासून साडी घेताना माझा पहिला प्रश्न नक्षीचा नसतो. रंग कशाचा आहे आणि कापडावर कसा बसवलाय, ते आधी विचारते. धुणं, वाळवणं, पावसात नेसायची की नाही, पांढरी पर्स चालेल की नाही, सगळं त्यावर ठरतं.

बागची साडी उकळून निघालेली असल्यामुळे धुण्याच्या बाबतीत तिने काहीच त्रास दिला नाही. पहिल्या धुण्यात पाणी किंचित तांबूस झालं, तिसऱ्याला स्वच्छ. मिठाच्या पाण्यात भिजवा म्हणजे रंग पक्का होतो, असं सगळे सांगतात. तयार साडीचा रंग मिठाने पक्का होत नाही. पहिली तीन धुणी वेगळी, गार पाण्यात, न भिजवत ठेवता करायची, एवढंच पुरतं. मी रिठ्याचं पाणी वापरते, ते नसेल तेव्हा केस धुवायचा साधा शाम्पू. वाळवायची सावलीत, उलटी करून. दहा महिन्यांनी लाल तसाच आहे आणि कापड इतकं मऊ झालंय, की निऱ्या एका हातात धरल्या जातात.

एक नुकसान मात्र झालं, आणि ते कुणी सांगितलं असतं तर टळलं असतं. जानेवारीत मधल्या सुट्टीत आम्ही पोहे खात होतो. शेजारी बसलेल्या ताईंनी लिंबू पिळलं, चार-पाच थेंब माझ्या पदरावर उडाले. मी रुमालाने टिपलं आणि तासाला गेले. संध्याकाळी पाहिलं तर त्या जागची काळी रेघ तपकिरी होऊन विरळ झाली होती, जशी शाई पाण्याने फिकी व्हावी तशी. आणि खरंच ती शाईच आहे. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, यांची शाई करत, इथेही हिरडा आणि लोखंड मिळूनच काळा रंग होतो. आंबट लागलं की त्यातलं लोह सुटतं. तो डाग परत काळा होत नाही. म्हणून कळकळीने सांगते, लिंबू, ताक, चिंचेचं पाणी काहीही सांडलं तर तेवढा भाग लगेच भरपूर पाण्याखाली धरा. आणि रंग टिकावा म्हणून व्हिनेगरमध्ये भिजवण्याचा सल्ला या साड्यांना अजिबात लावू नका.

दाबूचा स्वभाव निराळा. ही राजस्थानातली छपाई, बगरू त्यासाठी प्रसिद्ध. माती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचा चुरा कालवून तो चिखल ठशाने कापडावर उमटवतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरतात आणि वाळल्यावर कापड निळीच्या हौदात बुडवतात. चिखलाखालचं कापड पांढरं राहतं. चिखलाला तडे गेले असतील तिथून निळीच्या बारीक रेषा आत शिरतात. माझ्या साडीच्या पदरावर अशा रेषांचं जाळं आहे आणि मला ते मूळ नक्षीहून जास्त आवडतं.

पण नीळ पाण्यात विरघळत नाही, ती धाग्याला चिकटून बसते आणि घासली की निघते. पहिल्या आठ-दहा वेळा निऱ्या घालताना बोटं निळी, परकराची नाडी निळी, कापडी पिशवीचा पट्टा निळा. जुलैत भिजले तेव्हा पांढरा परकर कायमचा आकाशी झाला. आता निघणं बरंच थांबलंय, गुडघ्यापाशी आणि खांद्याच्या घडीवर रंग उतरलाय. मला ते चालतं. पावसाळ्यात मात्र आता ती नेसत नाही.

फॉल-पिकोची गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. निळी साडी मी घाईत न धुता फॉलला दिली. मलमल पहिल्या पाण्यात आटली, फॉल आटला नाही, आणि खालचा काठ चुरगळल्यासारखा गोळा झाला. सगळी शिवण उसवून पुन्हा लावावी लागली. बागच्या वेळी मावशीने फोनवरच बजावलं होतं, "अगं, साडी आणि फॉल दोन्ही आधी पाण्यातून काढ, मग लाव." तिचा काठ आजही सरळ पडतो.

मध्यंतरी ऑनलाइनवरून 'हँड ब्लॉक' म्हणून तिसरी साडी मागवली, ती निघाली स्क्रीन प्रिंट. प्रत्येक बुट्टा हुबेहूब सारखा, मागची बाजू पांढरट. हाताच्या छपाईत दोन ठसे जुळतात तिथे जरा गडद रेघ किंवा केसभर फट दिसते, कुठे भरणीचा रंग बाहेरच्या रेघेतून थोडा सरकलेला असतो. फोटो मागवताना पदराचा कोपरा, म्हणजे काठ जिथे वळतो ती जागा, आणि उलटी बाजू जवळून मागवा. विक्रेत्याने नकार दिला तर पुढे जाऊ नका. ती साडी मी परत केली.

नेसण्याबद्दल थोडंसं. साडीसोबतचा छापील ब्लाउजपीस मी शिवत नाही, सगळंच छापील झालं की नक्षी दबते. बागच्या लाल-काळ्यावर मोहरी रंगाचा खणाचा ब्लाउज सुरेख दिसतो, निळीवर साधा पांढरा सुती. मलमलचा पदर पिनांनी आवळून प्लेटा केल्या तर ती गरीब दिसते, एकेरी मोकळा सोडावा. पिन गंजलेली नसावी, बागच्या कापडात हिरडा असतो, त्यावर लोखंडाचा डाग काळा उमटतो. कांजी अगदी पातळ, इस्त्री उलट्या बाजूने किंचित दमट असताना. कपाटात जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवते आणि महिन्या-दोन महिन्यांनी घडी बदलते.

रोज बाहेर पडणाऱ्या बाईने एकच घ्यायची असेल तर बाग घ्यावी, असं माझं मत झालंय. निळी दुसरी म्हणून घ्या, थंडीत. मावशीला या दिवाळीसाठी अजून एक सांगून ठेवलीये, पांढरं अंग आणि फक्त लाल वेल, काळी रेघ नसलेली मिळाली तर.