नेटवर्क बूटसाठी डीएनएसमास्क: प्रोग्रॅम चोख, खोट बहुतेकदा क्लायंटमध्ये

हार्डडिस्क नसलेल्या लिनक्स मशीनची लॅब चालवायची तर डीएनएसमास्क या सर्व्हर प्रोग्रॅमला पर्याय शोधायची फारशी गरज पडत नाही. डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणं), टीएफटीपी (बूटच्या फाइली पाठवणं), पीएक्सई (नेटवर्कवरून बूट), डीएनएस (नावांवरून पत्ते शोधणं) सगळं एकाच कॉन्फिग फाइलीत, आणि अशा लॅब उभारायचं एलटीएसपी हे सॉफ्टवेअरसुद्धा याच्याच जोरावर चालतं.

तक्रार मात्र ठरलेली: मशीन छान बूट होतं, काही वेळाने गोठतं, ‘एनएफएस सर्व्हर उत्तर देत नाही’ असा संदेश येतो. (एनएफएस म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवण्याची पद्धत; अशा मशीनचा रूट, म्हणजे मूळ फाइलसिस्टम, त्यावरच असतो.) कॉन्फिगमध्ये पत्त्यांच्या रेंजपुढे मुदत लिहिली नसेल तर लीज, म्हणजे पत्ता वापरायची परवानगी, १ तासाची धरली जाते, म्हणून संशय लगेच डीएनएसमास्कवर जातो. खरं कारण बहुधा पलीकडे, क्लायंटमध्ये म्हणजे बूट होणाऱ्या मशीनमध्ये असतं. ‘आयपी=डीएचसीपी’ हा बूट पर्याय दिलेला कर्नल (लिनक्सचा गाभा) बूट होताना एकदाच पत्ता घेतो; मुदत वाढवून मागणं त्याच्या गावीही नसतं. लीज संपली की सर्व्हरच्या लेखी पत्ता मोकळा. नवा पत्ता देण्याआधी डीएनएसमास्क पिंग करून बघतो, त्यामुळे टक्कर सहसा टळते. पण ‘नो-पिंग’ लावलं असेल किंवा क्लायंटच्या फायरवॉलने पिंग अडवलं, तर तोच पत्ता दुसऱ्याला जातो आणि पहिल्याचा रूट लटकतो.

तपासायला ‘लॉग-डीएचसीपी’ चालू करा आणि लीज २ मिनिटांची ठेवा. याहून कमी चालत नाही. क्लायंट नीट असेल तर निम्मी मुदत सरताच, म्हणजे दर मिनिटाला, लॉगमध्ये त्याची डीएचसीपीरिक्वेस्ट दिसते. नाही दिसली तर मुदतवाढ कुणी मागतच नाहीये. बदल केल्यावर रीस्टार्टच करा, हँगअप सिग्नलने मुख्य कॉन्फिग पुन्हा वाचली जात नाही.

उपाय दोन्हीकडे. सर्व्हरवर ‘डीएचसीपी-होस्ट’मध्ये मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता), आयपी आणि ‘इन्फिनिट’ लिहा. लीज फाइलीच्या पहिल्या रकान्यात, जिथे एरवी संपण्याची वेळ सेकंदांत असते, तिथे ० दिसायला हवा. क्लायंटवर सिस्टमडी-नेटवर्कडी (नेटवर्क सांभाळणारी सेवा) असेल तर ‘कीपकॉन्फिगरेशन=डीएचसीपी’ हवंच. नाहीतर सर्व्हर बंद असताना मुदत संपली की तो पत्ता काढून टाकतो, आणि पत्त्याबरोबर रूटही जातो. शिवाय ‘क्लायंटआयडेंटिफायर=मॅक’ लावा. कर्नल मॅकवर ओळख देतो, नेटवर्कडी डीयूआयडी या वेगळ्या ओळख क्रमांकावर. रेंजमधून पत्ते वाटत असाल तर एकाच मशीनच्या नावे दोन लीज पडू शकतात.

एक गोष्ट खटकते. प्रॉक्सी मोडमध्ये डीएनएसमास्क फक्त बूटची माहिती देतो, पत्ता राउटरच वाटतो. तिथे यातल्या लीजच्या ओळी कितीही बदला, ढिम्म फरक पडत नाही; मुदत राउटरवरच वाढवावी लागते.

हजारेक क्लायंटपर्यंत डीएनएसमास्क निभावतो, पण दोन सर्व्हरमध्ये लीज वाटून घेणं याला जमत नाही. ती गरज असेल तर किआ हा डीएचसीपी सर्व्हर बघा. आयएससी डीएचसीपी या जुन्या सर्व्हरकडे आता वळू नका, त्याची देखभाल २०२२ मध्येच थांबली. किआ घेतलात तर टीएफटीपी आणि डीएनएसची सोय वेगळी करावी लागेल.