हॉट चॉकलेट बॉम्ब: कंपाउंड की कूव्हर्चर?

हॉट चॉकलेट बॉम्ब म्हणजे चॉकलेटचा पोकळ गोळा; आत कोको पावडर आणि मार्शमेलो, गरम दुधात टाकला की फुटतो. त्यासाठी पुण्याच्या बोहरी आळीत चॉकलेट मागितलं की पहिला प्रश्न येतो, "कंपाउंड देऊ की कूव्हर्चर?" दिसायला दोन्ही विटा सारख्याच. फरक स्निग्धांशात: कूव्हर्चरमध्ये कोको बटर, कंपाउंडमध्ये वनस्पती तेल.

कंपाउंड म्हणजे गरीब गाय. वितळवा, सिलिकॉनच्या साच्यात दोन हात द्या, थोडा वेळ फ्रीजमध्ये. अर्ध्या गोळ्याची वाटी अलगद सुटते. कोमट तव्यावर कडा टेकवून दोन वाट्या जोडल्या की झालं. पण गरम दुधात फुटल्यावर टाळूला जरा मेणचट लागतं.

कूव्हर्चर नखरेल. डार्क असेल तर आधी 45 अंशांपर्यंत तापवायचं, 28 वर आणायचं, पुन्हा 31-32. थर्मामीटर हवाच. मी एकदा अंदाजपंचे केलं, तर सकाळी वाट्यांवर पांढुरके चट्टे आणि बोट लागताच चॉकलेट हाताला! कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे एप्रिलातल्या पुण्यात हा उद्योग नकोच. डिसेंबरातली थंड सकाळ बघा.

मुलांच्या वाढदिवसाला पंचवीस करायचे तर मी बिनदिक्कत कंपाउंड घेते. घरच्या चार कपांसाठी कूव्हर्चरच. (मार्शमेलोत बहुतेकदा जिलेटिन असतं, शाकाहारी घरात पाकीट वाचून घ्या.)