स्टुटगार्टची नोकरी की कोल्हापुरात बसून डॉलरचा करार : दोन प्रस्तावांची तुलना

माझ्या भाच्यापुढे सध्या दोन प्रस्ताव आहेत. एक जर्मनीतल्या स्टुटगार्टमधील वाहन-सॉफ्टवेअर कंपनीतील कायम नोकरीचा, वार्षिक 60,000 युरो पगाराचा. दुसरा एका अमेरिकी कंपनीच्या कराराचा, महिन्याला 4,000 डॉलर, काम घरून, आणि ते घर कोणत्या गावात असावे याची अट नाही. वय 29, शिवाजी विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी, सध्या पुण्यात नोकरी आणि आईवडील कोल्हापुरात. त्याने मला विचारले, कारण दोन्ही बाजू मी राहून पाहिल्या आहेत : सहा वर्षे स्टुटगार्टला काढली आणि 2021 पासून कोल्हापुरातूनच परदेशी कंपन्यांची कामे करते. त्याला जे कळवले ते त्याच पेचात असलेल्या इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे सविस्तर मांडते.

ही तुलना ज्यांचे काम संगणकावर होते त्यांच्यापुरतीच आहे, हे आधी सांगितले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिका, वाहनचालक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशी कामे आहेत. त्या मंडळींना घरून काम हा पर्यायच नाही आणि त्यांचा खरा प्रश्न जर्मन भाषेचा आहे. तो स्वतंत्र विषय आहे.

मी 2015 साली निघाले तेव्हा निर्णय असा घ्यावाच लागला नव्हता. परदेशात नोकरी मिळाली म्हणजे जायचे, हे गृहीतच होते. पेढे वाटले गेले, आणि परत कधी येणार असे विचारणे अशुभ वाटावे असे घरातले वातावरण होते. लग्नाच्या बोलण्यांतही ‘मुलगा अमेरिकेत असतो’ या वाक्यानंतर फारशी चौकशी होत नसे. आता मुलीकडची माणसे पहिल्याच बैठकीत व्हिसा कोणता, ग्रीनकार्डाचे काय आणि मुलीला तिथे नोकरी करता येईल का हे विचारतात, आणि विचारलेच पाहिजे. उलट, घरी बसून परदेशी कंपनीचे काम करणाऱ्याकडे पूर्वी ज्या संशयाने पाहिले जाई तो 2020 च्या टाळेबंदीनंतर बराच ओसरला, कारण तेव्हा नावाजलेल्या कंपन्यांतील माणसेही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेली सगळ्यांनी पाहिली.

या बदलामागे अमेरिकेचा मोठा हात आहे. नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा 65,000 अधिक तिथल्या पदव्युत्तरांसाठी 20,000 इतकीच आहे. नोकरीवर आधारित ग्रीनकार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण 7 टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नसल्याने भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबात मोजावी लागते. आणि नोकरी सुटली तर 60 दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्यात आले. माझ्या भाच्याला करार देऊ करणारी कंपनी त्याला तिकडे नेण्यासाठी एवढी रक्कम कधीच भरणार नाही, पण तेच काम त्याने इथे बसून केले तर तिला हवे आहे. म्हणजे हा दुसरा प्रस्ताव ज्या दारातून आला आहे ते दार अमेरिकेला जाण्याचे दार बंद झाल्यामुळे उघडले आहे, आणि हे त्याने ध्यानात ठेवावे, कारण धोरणाने उघडलेले दार धोरणानेच लावता येते. परदेशातून करून घेतलेल्या कामाच्या मोबदल्यावर 25 टक्के कर लावण्याचा प्रस्तावही 2025 मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये मांडला गेला होता.

आता पैशाकडे वळू. बहुतेक जण 60,000 युरोंना थेट रुपयांनी गुणतात, आणि तिथेच हिशेब चुकतो. अविवाहित माणसाच्या हातात त्यातले साधारण 38,000 युरो पडतात. बाकीचे आयकर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन आणि बेकारी विमा यांत कापले जातात. युरो 100 रुपये धरला तर हे 38 लाख झाले. दुसरीकडे 48,000 डॉलर म्हणजे, डॉलर 85 रुपये धरला तर, 40 लाख 80 हजार. माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यावसायिकाला अनुमानित करआकारणीची सवलत घेता येते (1961 च्या जुन्या आयकर कायद्यातले कलम 44एडीए), तिच्यात जमेच्या निम्मी रक्कमच करपात्र उत्पन्न मानली जाते. जमा पूर्णपणे बँकेतून येत असेल तर ही सवलत 75 लाखांपर्यंत चालते. 2025-26 च्या नव्या कररचनेनुसार त्याचा कर उपकरासह सुमारे 2 लाख 18 हजार होतो. एवढ्याच रकमेचा पगार इथल्या कंपनीकडून मिळाला असता तर तोच कर 8 लाखांच्या पुढे गेला असता. थोडक्यात, हातात पडणारी रक्कम दोन्हीकडे जवळपास सारखीच, 38 लाखांच्या घरात.

पण स्टुटगार्टमध्ये एकट्याला राहण्याजोग्या घराचे भाडे, हीटिंग वगैरे धरून, महिन्याला 1,000 युरोंच्या आसपास जाते. तेही घर मिळाले तर. मला पहिले घर मिळायला चार महिने लागले, आणि किल्ली हातात घेऊन आत गेले तेव्हा स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेले दोन पाण्याचे पाइप आणि एक वायर एवढेच होते; ओटा, सिंक, शेगडी, कपाटे आधीचा भाडेकरू काढून घेऊन गेला होता. तिकडे ती रीतच आहे. इलेक्ट्रिक राइसकुकर जमिनीवर ठेवून मी तीन आठवडे खिचडी केली आणि भांडी न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये घासली. केवळ बचत हाच हेतू असेल तर कोल्हापूरचा प्रस्ताव सरळ सरस आहे, यात शंका नाही.

माझ्या मते मात्र तुलनेचा गाभा कापल्या गेलेल्या त्या 22,000 युरोंत आहे. त्या पैशांच्या बदल्यात जर्मनीत काय मिळते ते पाहा. आजारी पडल्यास सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो, आणि त्यानंतर आरोग्यविम्यातून भत्ता सुरू होतो. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाकाठी किमान 20 दिवस भरपगारी रजा कायद्याने मिळते, आणि प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या 30 च्या आसपास देतात. दहाहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत सहा महिने झाल्यावर कारण दिल्याशिवाय काढता येत नाही. वर्षभर विमा भरलेला असेल तर नोकरी गेल्यावर निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असल्यास 67 टक्के भत्ता काही महिने मिळतो. निवृत्तिवेतनाचे पैसेही बुडत नाहीत, कारण भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार मे 2017 पासून लागू आहे. अमेरिकेशी आपला असा करार नाही.

कराराच्या कामात यांपैकी काहीही नसते. भाच्याने मला पाठवलेल्या कराराची 14 पाने आहेत. त्यातल्या अकराव्या पानावर एक वाक्य आहे की दोहोंपैकी कोणताही पक्ष 15 दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवू शकेल. ते वाक्य त्याने वाचले होते, पण ओलांडून पुढे गेला होता. मीही तसेच केले होते. दोन वर्षे ज्यांच्यासाठी काम केले त्या कंपनीकडून एका गुरुवारी रात्री साडेनऊला मेल आली, त्यात माझ्या कामाचे कौतुक होते आणि खालच्या परिच्छेदात पंधरा दिवसांनंतरची तारीख होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे लॉगिन चालेना. शेवटच्या बिलाचे पैसे यायला अडीच महिने लागले, आणि त्यासाठी मी कोणत्या देशातल्या कोणत्या न्यायालयात जाणार होते? करारात अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचा कायदा लागू असे लिहिले होते. म्हणून, करारावर काम करणाऱ्याने सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत मिळकतीतील एकही रुपया वरकड समजू नये, असे मी आग्रहाने सांगते.

मधला एक मार्ग आहे. परदेशी कंपनीच्या वतीने भारतात कायदेशीर मालक म्हणून नेमणूक करणाऱ्या संस्था आता बऱ्याच आहेत. त्यांच्यामार्फत गेल्यास पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि इथल्या कामगार कायद्यांचे संरक्षण मिळते. कर पगाराप्रमाणे लागतो, त्यामुळे हातात कमी येते. तरीही ज्याला दोन-तीन वर्षांत घर घ्यायचे आहे त्याने हाच मार्ग मागून पाहावा, कारण गृहकर्जाच्या टेबलावर पगारपत्रक असलेल्याचे काम लवकर होते, आणि कराराने काम करणाऱ्याकडे बँक दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागते.

कागदपत्रांचे ओझे दोन्हीकडे आहे, फक्त वेळ वेगळी. जर्मनीचे सगळे सुरुवातीला येते : पदवी ‘अनाबिन’ या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत मान्य आहे का ते पाहायचे, पगार ब्लू कार्डाच्या, म्हणजे पदवीधरांना नोकरीसाठी मिळणाऱ्या वास्तव्य परवान्याच्या, किमान मर्यादेत बसतो का ते तपासायचे (2026 साठी सर्वसाधारण मर्यादा 50,700 युरो आहे, तेव्हा त्याचा बसतो), मग व्हिसा, तिथे पोहोचल्यावर पत्त्याची नोंदणी. नंतर मात्र गाडी रुळावर येते, आणि बी-वन, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन भाषा आली तर 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. ए-वनवर, म्हणजे अगदी पहिल्या पायरीवर, थांबलात तर 27 महिने. घरून काम करणाऱ्याचे ओझे कधीच संपत नाही. वर्षाची जमा 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, निर्यात सेवेवर कर शून्य राहावा म्हणून दरवर्षी हमीपत्र, प्रत्येक जमेचा बँकेचा परकीय चलन दाखला, आगाऊ कर. शिवाय वाटेत मधल्या बँका कापून घेतात ते वेगळेच. चांगला सनदी लेखापाल पहिल्याच महिन्यात गाठावा. त्याची फी हा या कामाचाच खर्च आहे.

घड्याळाबद्दलही बोलले पाहिजे. न्यूयॉर्क आपल्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास असते. सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा आणि साडेबारा. म्हणजे तिकडची सकाळ ही आपली रात्र, आणि बैठका त्याच वेळी होतात. भाचा म्हणतो की रात्रीचे जागरण चालेल. चालते, एकटा असेपर्यंत. घरात लहान मूल आले किंवा सासूसासरे राहायला आले की काय होते ते बायका सांगू शकतील : बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेले असतात, आतल्या खोलीत तिची बैठक चाललेली असते, आणि चहा टाकायला कोणी उठत नाही, कारण ‘ती घरीच आहे ना’. घरून काम हे स्त्रियांना सोयीचे असे सर्रास म्हटले जाते. दाराला आतून कडी लावण्याचा हक्क घरच्यांनी मान्य केला असेल तरच ते सोयीचे ठरते. याउलट ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मनीत भाषेची अट न घालता येता येते आणि नोकरीही करता येते. भाच्याचे लग्न ठरायचे आहे, तेव्हा ही बाब त्याच्या होणाऱ्या बायकोच्या बाजूने पाहिली जावी.

राहता राहिले आईवडील. 2020 च्या जानेवारीत माझे वडील न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. फ्रँकफर्ट ते मुंबई विमानाला आठ-साडेआठ तास लागतात. पण बातमी कळणे, रजा, तिकीट आणि मुंबईहून कोल्हापूरपर्यंतचा रस्ता हे सगळे मिळून मी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात पोहोचले, तेव्हा शस्त्रक्रिया होऊन गेली होती आणि संमतीपत्रावर सही शेजाऱ्यांची होती. ती सही पाहिल्यावर माझे परत येणे ठरले. करोनाने ते वर्षभर लांबवले, एवढेच. तरीही ही गोष्ट मी भाच्यापुढे दबाव म्हणून ठेवणार नाही. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, साठीच्या आत आहे, दोघेही हिंडतेफिरते आहेत, आणि ज्या काळजीने मी परतले ती त्याच्यासाठी अजून दहा वर्षे लांब आहे.

नेमक्या याच कारणासाठी माझे मत स्टुटगार्टकडे झुकते. त्याला अनुभव पाच वर्षांचा आहे. या टप्प्यावर माणूस जे शिकतो ते बैठकीत ठरलेल्या कामातून कमी आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस चुकलेले कसे दुरुस्त करतो ते पाहून अधिक शिकतो, आणि गाडीच्या सॉफ्टवेअरचे तर चाचणीची गाडी समोर असल्याशिवाय अर्धेच कळते. तेथे चार-पाच वर्षे काढून जो परततो त्याला घरून मिळणाऱ्या कामाचा दर, आणि मुख्य म्हणजे सूचनेची मुदत, स्वतः ठरवता येते. मला आज मिळणारे करार त्या सहा वर्षांच्या जोरावर मिळतात. चाळिशीचा, पक्क्या हाताचा, आईवडिलांची जबाबदारी असलेला कोणी हेच दोन कागद घेऊन आला असता तर मी त्याला कोल्हापुरातच थांबायला सांगितले असते, आणि मालक-संस्थेमार्फत नेमणूक मागायला लावली असती.

भाच्याने अजून एकालाही होकार कळवलेला नाही. अमेरिकी कंपनीला त्याने सूचनेची मुदत 60 दिवस करावी आणि शेवटच्या बिलाची रक्कम 15 दिवसांत द्यावी, असे लिहिले आहे; स्टुटगार्टच्या कंपनीला पहिले तीन महिने राहण्याची सोय करता येईल का, असे विचारले आहे. उत्तरे येईपर्यंत पुण्याच्या माक्सम्युलर भवनात जर्मनच्या ए-टूच्या वर्गासाठी त्याने नाव नोंदवले आहे.