ढाबळीच्या नोंदींचे ॲप : रंगांच्या हिशेबात चोख, देखभालीत उणे

कबुतरांच्या जोड्या, अंडी, पिल्ले आणि पायांतील कड्यांचे क्रमांक यांची नोंद ठेवणारे हे ॲप मी विणीचा संपूर्ण हंगाम वापरले, आणि त्यातील रंगांचा अंदाज मला मनापासून आवडला. शुद्ध निळा नर आणि राखी-तांबडी मादी अशी जोडी भरताच सर्व नर पिल्ले राखी-तांबडी व सर्व माद्या निळ्या निघतील, असे ते लगेच दाखवते. मूळ रंगाचे जनुक लिंग-गुणसूत्रावर असते आणि मादीकडे त्याची एकच प्रत, तीही बापाकडून आलेली, असल्यामुळे हे गणित इतके स्वच्छ सुटते. माझ्या ढाबळीत पिसे फुटताच नर-मादी ओळखता आले, आणि पुढे त्या नरांच्या अंगावर अपेक्षेप्रमाणे काळसर ठिपकेही उमटले.

अप्रभावी तांबड्या जनुकाच्या दोन प्रती एकत्र आल्या की मूळ रंग झाकला जातो, हे मात्र ॲप विचारातच घेत नाही. असा पक्षी ते सरळ राखी-तांबडा धरते आणि पुढील पिढ्यांचा सगळा अंदाज कोलमडतो. गंभीरपणे पैदास करणाऱ्यासाठी हा मोठा दोष आहे.

दुसऱ्या अंड्यानंतर 17-18 दिवसांनी पिल्ले फुटण्याची आठवण वेळेवर येते. साफसफाईची सूचना मात्र बारमाही सारखीच राहते. दमट हवेत ओलसर विष्ठेतून कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा परजीवीजन्य रोग झपाट्याने पसरतो, त्यामुळे त्या दिवसांत फरशी रोज खरवडून कोरडी ठेवावी लागते, आणि ही सूचना पुढील आवृत्तीत यायलाच हवी.